तीन नंबरचा पडदा

लातूरला औसा रोडवर आप्पासाहेबांचा क्लास होता. बारावी आणि सीईटीची मिळून सातशेच्या वर मुलं, तीन मजली इमारत, आणि जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर. त्या खोलीची किल्ली लुबनाकडे असे आणि सर्व्हरचा रूट पासवर्डही तिच्याचकडे. हा पासवर्ड ज्याच्याजवळ, तो त्या यंत्राचा मालक. त्याला कुठलंही दार उघडं. मास्तरांना मात्र आपापल्या नावाचं साधं खातं दिलेलं. त्यात यायचं, रविवारच्या चाचणीचे प्रश्न टाइप करायचे आणि निघायचं. कुणाला काही नवं बसवून हवं असेल तर लुबनाला विचारावं लागे, आणि लुबना सहसा नाही म्हणे.

तिचं नाही म्हणणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारी बाई ती. मास्तर आपसांत हसत. पण ती अशी का झाली, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लुबनाचे वडील मोहियोद्दीन यांचा गंजगोलाईत छापखाना होता. ती दहा वर्षांची असताना एका शाळेची सहामाहीची प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे छापायला आली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गावात सापडली. अब्बांना चौकीवर नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. महिन्याभराने कळलं की कागद भलतीकडूनच फुटला होता. पण ते सांगायला घरी कुणी आलं नाही. शाळांची कामं गेली ती गेलीच. पुढे अब्बांनी लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तकं छापली. प्रश्नपत्रिकेला पुन्हा हात लावला नाही. त्या दोन दिवसांतलं एकच वाक्य लुबनाच्या कानात बसलं होतं. दारात उभा राहून कुणीतरी अम्मीला म्हणाला होता, "किल्ली तुमच्याच माणसाकडं होती ना?"

ही गोष्ट २००७ सालच्या दिवाळीनंतरची. अहमदपूरचे हणमंतराव नावाचे एक पालक सोमवारी दुपारी क्लासमध्ये आले. त्यांची मुलगी इथेच खोली करून राहत होती. त्यांनी आप्पासाहेबांच्या टेबलावर एक झेरॉक्सचं पान ठेवलं. पानावर भौतिकशास्त्राच्या तीन आकृत्या होत्या : एक भिंग, एक लोलक, एक विजेचं मंडळ. कालच्या चाचणीत ह्याच तीन आकृत्या आल्या होत्या.

"माझ्या पोरीच्या शेजारच्या खोलीत शनिवारीच होतं हे पान," हणमंतराव म्हणाले. "दुसऱ्या क्लासच्या पोरींकडं. मग आमच्या पोरीनं वर्षभर घासून काय उपयोग?"

ते गेल्यावर आप्पासाहेबांनी लुबनाला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही. पानाची घडी घालून तिच्या हातात देत म्हणाले, "पेपर फुटला असं एकदा नाव पडलं की क्लास बसला म्हणून समजा. शोधा. खोलीची किल्ली तुमच्याकडंच हाय, मॅडम."

"शोधते सर," एवढंच म्हणून ती खाली आली, दार आतून लावून घेतलं आणि सर्व्हरवर या घडीला काय काय चालू आहे त्याची यादी मागवली.

पडदाभर ओळी आल्या. बहुतेक ओळखीच्या होत्या. रोज दुपारी ती त्या वाचायची, पण वरवर. आज बोट ठेवून एकेक वाचली आणि मधल्या एका ओळीपाशी बोट थांबलं. दयानंद सरांच्या नावाने एक डेस्कटॉप चालू होता. अख्खा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, माउस, चित्रं सगळं. त्याला नंबर होता तीन.

हे व्हायलाच नको होतं. सर्व्हरवर चित्रांचं काही नव्हतंच. तिने स्वतः ते काढून टाकलं होतं. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची, तेवढीच सोय ठेवलेली. जून महिन्यात दयानंद सर तिच्याकडे आले होते. भौतिकशास्त्राचे मास्तर, वय तिशीच्या आतलं, कमी बोलणारे. म्हणाले होते, "मॅडम, आकृत्या काढायला डेस्कटॉप पायजे होता सर्व्हरवर. बसवून देता का?"

"नाही सर. यंत्र जड होतं."

"मग मला तरी बसवू द्या. थोडे हक्क द्या."

"ते तर मुळीच नाही."

"बरं," म्हणून ते गेले होते. पुन्हा तो विषय काढला नव्हता.

लुबनाने त्यांच्या खात्यात शिरून पाहिलं. तिथे 'अवजारे' नावाचा एक कप्पा होता. डेस्कटॉप चालवायला जे जे लागतं त्याचा मूळ कोड आणून, तुकडा तुकडा तिथेच जुळवून त्यांनी सगळं उभं केलं होतं. तारखा पाहिल्या तर तीन आठवड्यांचं काम. यंत्राच्या सामायिक भागाला हात लावलेला नाही, एका फाइलीलाही धक्का नाही. यंत्राच्या दरवाजांना आकडे असतात; बाहेरून यायला जो दरवाजा उघडला होता तोसुद्धा वरच्या आकड्यांतला, जो कुठल्याही साध्या खात्याला उघडता येतो. तिने आजवर पुढची मागची सगळी दारं बंद केली होती; या माणसाने आपल्याच खोलीच्या भिंतीला खिडकी पाडली होती, आणि त्यासाठी किल्लीची गरजच पडली नव्हती.

तिला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्या खिडकीपाशी या क्षणी कुणीतरी बसलेलं होतं. जोडणी चालू होती आणि पत्ता क्लासमधला नव्हता. बाहेरचा होता.

ती जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. दाराच्या फटीतून पाहिलं. दयानंद सर फळ्याजवळ उभे होते, हात खडूने पांढरे, समोर दोनशे मुलं. डाव्या हाताने लिहीत होते. उजव्या हाताची दोन बोटं त्यांना वळत नसत हे सगळ्यांना माहीत होतं. वर्ग चार वाजेपर्यंत होता.

मग खाली त्यांच्या पडद्यावर कोण बसलं होतं?

नोंदी काढल्या. मधले दिवाळीतले आठ दिवस सोडले तर गेले तीन महिने तेच. दुपारी दोनला कुणीतरी बाहेरून यायचं, चारला जायचं. म्हणजे नेमकं सर वर्गात असताना. दोनशे मुलं साक्षीला असताना. 'काय हुशार माणूस आहे,' लुबनाच्या मनात आलं, आणि मग ती एका पाठोपाठ एक गोष्टी जुळवत गेली. स्टाफरूममध्ये ते कुणाबरोबर चहा घेत नाहीत. फोन आला की गॅलरीत जातात. शनिवारी दुपारची बस धरून कुठेतरी जातात आणि कुठे ते सांगत नाहीत. आधी यात काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक गोष्टीला शेपूट फुटत गेलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने जे केलं ते करायची तिला मुभा होती, पण हक्क होता का, हा प्रश्न तिने तेव्हा स्वतःला विचारला नाही. रूटचा पासवर्ड हाती असलेल्याला कुणाचंही रूप घेता येतं. ती दयानंद सरांच्या नावाने आत गेली आणि तीन नंबरचा पडदा आपल्या पडद्यावर उघडला. फक्त बघायचा, हात लावायचा नाही.

पडदा हळूहळू, पट्ट्यापट्ट्यांनी रंगत गेला. मग त्यावर एक बाण हलताना दिसला. कुणीतरी भिंग काढत होतं. किरण आला, भिंगातून वळला, अक्षापाशी पोचला. त्या कुणालातरी तो पसंत पडला नसावा. रेघ पुसली गेली आणि केसभर खाली पुन्हा ओढली गेली. कोपऱ्यात कप्प्याचं नाव दिसत होतं : 'रविवार'.

लुबना चाळीस मिनिटं बघत बसली. येत्या रविवारचा पेपर कुणीतरी बाहेर बसून, निवांत, डोळ्यांनी वाचत होतं. हात कसलेला होता, हे तिच्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ तिने एवढाच लावला की हा नवखा चोर नाही.

चार वाजता ती आप्पासाहेबांपुढे उभी होती.

दयानंद सरांना बोलावलं गेलं. ते आले, लुबनाच्या हातातले कागद पाहिले आणि न सांगता सगळं समजल्यासारखे खुर्चीवर बसले.

"डेस्कटॉप तुमचाच ना?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"व्हय."

"आन् दुपारी तिथं कोन बसतंय?"

सरांनी हातावरचा खडू झटकला.

"दयानंद, पेपर इमारतीच्या बाहेर न्यायचा न्हाई, हा आपला नियम. तुम्हाला म्हाईत हाय का न्हाई?"

"म्हाईत हाय. बाहेर कायबी गेलं न्हाई, सर. फाइल इथंच, सर्व्हरवर. तिकडं दिसतं ते नुस्तं चित्र. म्हणून तर एवढा खटाटोप केला. न्हाईतर पेनड्राइव्हवर टाकून नेलं असतं की, कुणाला कळलं असतं?"

"पण बघतंय कोण?" लुबना मधे बोलली. "भिंगाची आकृती आज दुपारी कोण काढत होतं?"

दयानंद सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला.

"भिंग होतं हे तुम्हाला कसं कळलं, मॅडम?"

लुबनाने हातातले कागद सारखे केले. "माझं कामच आहे ते."

"मी तुमचा एकबी हक्क चोरला न्हाई. मला दिलेल्या जागेत, मला जेवढी मुभा होती तेवढ्यात केलं. तुम्ही माझं नाव घेऊन माझ्या घरात शिरलात." मग ते आप्पासाहेबांकडे वळले. "कोण बसतं ते मी सांगनार न्हाई. चोर न्हाई, एवढंच सांगतो. तुमचा इश्वास बसत नसंल तर राहू द्या."

"मग उद्यापासून येऊ नका," आप्पासाहेब म्हणाले.

लुबनाने खाली येऊन तीन नंबरचा डेस्कटॉप बंद केला आणि खात्याला कुलूप घातलं. सुटले, असं तिला वाटायला हवं होतं. आता कुणी तिला किल्लीचं विचारणार नव्हतं.

घरी अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. छापखाना विकून चार वर्षं झाली होती, तरी बोटांच्या पेरांतली शाई पुरती गेली नव्हती. लुबनाने सगळं सांगितलं. थोड्या ऐटीतच सांगितलं.

"त्याला विचारलं का, कोण बसतं म्हणून?" अब्बांनी विचारलं.

"विचारलं. बोलायलाच तयार नाही. बोलत नाही म्हणजे काहीतरी असणारच ना?"

अब्बांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "मी पण बोललो नव्हतो गे."

"म्हणजे?"

"चौकीवर. ते दोन दिवस एकच विचारत होते, छापायच्या आधी प्रूफं कुठं होती? मी सांगितलं नाही. आपल्याकडं खिळे जुळवायला मलप्पा होता, आठवतो? त्याची बायको बाळंतपणात अडली होती. तो प्रूफं घरी घेऊन गेला होता तपासायला. मीच दिली होती. नाव घेतलं असतं तर त्याला उचलून आणला असता, तिला त्या हालतीत सोडून. तो चोर नव्हता, मला माहीत होतं. पण माझं माहीत असणं त्यांच्या काय कामाचं?"

एवढ्या वर्षांत हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी लुबनाला दोष दिला नाही, काय कर हेही सांगितलं नाही. उठले आणि नमाजाला गेले.

दयानंद सरांच्या नोकरीच्या अर्जावर गावचा पत्ता होता, किल्लारी, आणि एक फोन नंबर. सकाळी लुबनाने तो लावला. एका बाईने उचलला.

"दयानंद सरांचं घर का?"

"कोन बोलतंय?"

"क्लासमधून. लुबना."

"दयानं सांगितलंय, क्लासातून फोन आला तर ठेवून दे म्हनून," बाई म्हणाली, आणि खरंच फोन ठेवून दिला.

लुबनाचा संशय पुन्हा वर आला. लपवायचं काही नसेल तर माणूस फोन का ठेवेल? तिने घडी घातलेलं ते झेरॉक्सचं पान पर्समध्ये टाकलं, अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि बस धरली. औसा गेलं, लामजना गेलं. मनात ती तयारी करत होती : घरात बारावीचं पोर असणार, कदाचित तीन-चार. भिंतीवर त्याच आकृत्या असतील. पकडलं की काय बोलायचं, तेही ठरवून झालं होतं.

नव्या किल्लारीचे रस्ते आखल्यासारखे सरळ होते आणि घरं एकासारखी एक. दोन ठिकाणी विचारावं लागलं. ज्याला विचारलं तो म्हणाला, "सिंधुताई व्हय? त्या घरात न्हाई बसत. अंगणात बगा."

घराला कुलूप होतं. अंगणात चार खांबांवर पत्रे टाकलेले, तीन बाजूंना तट्ट्या, चौथी बाजू उघडी. आत लाकडी बाजेवर एक जुना संगणक, प्लॅस्टिकने अर्धा झाकलेला, आणि त्याच्यासमोर पाटावर चौतीस-पस्तिशीची एक बाई. पोर कुठेच नव्हतं. पडदा काळा होता.

"सिंधुताई?"

"तुमीच का फोन केलता?" ती उठली नाही. "बंद का केलंय ते सांगायला आलाव का? मला वाटलं लाइनच गेली. सकाळपासनं हितं वाट बगत बसले."

"घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"मी. शनवार-आयतवार दया येतो."

"शेजारपाजारची मुलं? क्लासला जाणारी?"

सिंधुने तिच्याकडे रोखून पाहिलं. बाई साधी होती पण भोळी नव्हती. "अस्सं," ती म्हणाली. "चोरी बगायला आलाव. बगा मग. तट्ट्या वर करून बगा."

लुबना उभीच राहिली. ठरवून आणलेलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही लातूरला येऊन का नाही बसत? क्लासमध्ये? आकृत्या तुम्हीच काढता ना?"

"तीन मजली हाय म्हनं ती इमारत."

"हो."

"मी एक मजलीत बसत न्हाई." तिने कुलूप लावलेल्या घराकडे हनुवटी केली. "सरकारनं दिलं, लई मजबूत हाय म्हनतात. आसंल. चौदा वर्सं झाली, एक रात काढली न्हाई मी त्यात."

मग ती तुटक तुटक बोलत गेली. भूकंप झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती, आयटीआयला नकाशे काढायचं शिकून नुकतीच गावी आलेली. आईबाप आणि ती, तिघं घरात, मातीच्या जड माळवदाखाली झोपलेले. धाकटा भाऊ दयानंद चौदा वर्षांचा. गणपती बुडवून तो पारावरच झोपला होता, म्हणून वाचला. सिंधुला दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. दयानंदनेच हाताने दगड उपसले, त्यात एक दगड त्याच्या उजव्या हातावर आला. आईबाप गेले. त्यानंतर सिंधु डोक्यावर स्लॅब आला की गुदमरते, ओरडत बाहेर पळते. डॉक्टर झाले, देव झाले, उपयोग झाला नाही.

"दयाला त्या हातानं रेघ सरळ येत न्हाई. मला तुमच्या इमारतीत बसता येत न्हाई. म्हनून त्यानं ही खिडकी काढून दिली. प्रश्न न्हाई दिसत मला, नुस्त्या आकृत्या. तो कागदावर वाकड्यातिकड्या काढून ठिवतो, मी नीट करते. त्याला सांगितलतं मीच, लातूरला कुनाला बोलू नको माझं. हितं गावात पोरं मला येडी म्हनत्यात. तिथं तरी नको."

लुबनाने पर्समधून पान काढलं. संशय अजून पुरता गेला नव्हता. "मग हे पान शनिवारीच बाहेर कसं आलं?"

सिंधुने पान उजेडाकडे धरलं आणि लगेच खाली ठेवलं. "हे जुनं हाय."

"जुनं?"

"ह्यो बाण बगा. आधी मी बाणाला दोन पाकळ्या काढायची, मोकळ्या. गेल्या सालापासनं भरीव काढते, छापायला बरा येतो म्हनून. ह्या आकृत्या दोन वर्सांमागच्या, सराव पुस्तिकेच्या; तवा दया शनवारी घरीच कागद आनून द्यायचा. दिवाळीच्या टायमाला रस्ता खंदताना हितली केबल तुटली, आठ दिस लाइन न्हवती. दया म्हनला, जुन्याच टाकतो ह्या बारीला. तेवढ्याच तीन टाकल्या त्यानं."

लुबना परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा तिला घाईही होती आणि पोचू नये असंही वाटत होतं. क्लासमध्ये येऊन तिने थेट जिन्याखालची खोली उघडली आणि दोन वर्षांपूर्वीच्या बॅचच्या सराव पुस्तिकेची फाइल काढली. एकेचाळिसावं पान. भिंग, लोलक, मंडळ. मोकळे बाण. वरचं क्लासचं नाव आणि पानाचा आकडा कापून कुणीतरी झेरॉक्स काढली होती, एवढंच. ती पुस्तिका त्या वर्षी सहाशे मुलांना वाटलेली होती. अजून कितीतरी खोल्यांत पडलेली असणार.

शोधायला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं तिने सोमवारी काढली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आप्पासाहेबांनी पुस्तिका आणि झेरॉक्सचं पान शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "फुटला न्हाई म्हणायचा. पण बाहेरच्या माणसाला दाखवलंच ना त्यानं?"

"दाखवलं सर. नियम मोडला. आणि मी त्यांच्या नावाने शिरून चोरून पाहिलं, त्याचा नियमच नाही आपल्याकडे. तुम्ही मला काही म्हणालाच नाहीत."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. तोवर त्यांनी चार पालकांना सांगून टाकलं होतं की चोर सापडला, काढून टाकला. आता ते शब्द गिळायचे कसे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बोलावून घ्या त्यांना परत," शेवटी ते म्हणाले. "हणमंतरावांना मी फोन करतो."

"मी करते," लुबना म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच केला. हणमंतरावांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही कळलं नाही. "आता तुमी म्हनता म्हंजे आसंल," असं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

दयानंद सरांना लावलेला फोन तिसऱ्या दिवशी लागला. ते नांदेडला होते. तिथल्या एका क्लासने त्यांना घ्यायची तयारी दाखवली होती, पण लातूरची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तिथे त्यांना विचारलं होतं, तुम्ही तिकडून का निघालात?

लुबनाने सगळं सांगितलं. किल्लारीला गेल्याचंही. "सर, परत या. माझी चूक झाली."

"न्हाई मॅडम. एकदा माझ्यामागं कुलूप ओढून बघितलं तुम्ही. आता रोज मला त्याचाच आवाज येनार." मग ते म्हणाले, "तुम्हाला कायतरी करायचंच असंल तर हितल्या लोकांस्नी लिहून द्या. काय झालं ते. सगळं."

तिने लिहून दिलं. आकृत्या जुन्या होत्या हेही लिहिलं, आणि आपण त्यांचा पडदा चोरून पाहिला हेही. आप्पासाहेब म्हणाले, एवढं कशाला, क्लासचं नाव जातं. तिने ती ओळ खोडली नाही. पुढच्या आठवड्यात ते नांदेडला रुजू झाल्याचं तिच्या कानावर आलं. त्यांच्याकडून मात्र काही आलं नाही.

पुढचा रविवार तोंडावर होता आणि आकृत्या काढणारं कुणी नव्हतं. दोन मास्तरांनी प्रयत्न केला; भिंगं बटाट्यासारखी झाली. मग आप्पासाहेबांनीच विचारलं, "त्या बाई करतील का? उघड, आपल्या कामावर?"

लुबना पुन्हा किल्लारीला गेली. या वेळी सिंधुने चहा केला. लुबनाने सर्व्हरवर तिच्या स्वतःच्या नावाचं खातं उघडून आणलं होतं आणि डेस्कटॉप रीतसर बसवला होता. सिंधुने पाटावर बसून आपला पासवर्ड स्वतः टाइप केला. लुबनाने तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं.

"दया म्हनला, करायचं तर कर," सिंधु म्हणाली. "पन एक इचार म्हनला. तुमी बगत बसनार का आता? मी काय काढते ते?"

"कधी आलात, कधी गेलात, तेवढी नोंद राहील. पडदा नाही बघणार."

"आन् बगितलं तर मला कळंल?"

लुबनाला खोटं सांगता आलं असतं. समोरची बाई तिच्याकडे टक लावून पाहत होती, माउसवर हात तसाच.

"नाही," ती म्हणाली. "नाही कळणार, ताई."

पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, उडाला. मग सिंधुने पडद्याकडे तोंड केलं, पट्ट्यापट्ट्यांनी तो पुरता रंगेपर्यंत थांबली, आणि पहिली रेघ ओढली.